गिटार अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती

गिटार अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती म्हणजे विद्युत गिटारचा क्षीण संकेत मोठा करून स्पीकरपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रातील बिघाड शोधून तो दूर करणे होय. या कामाचे दोषनिदान आणि प्रत्यक्ष दुरुस्ती असे दोन भाग पडतात. सुटा भाग बदलण्यास बहुधा काही मिनिटे पुरतात. कोणता भाग बदलावयाचा हे ठरवण्यात वेळ आणि कौशल्य खर्ची पडते. त्यामुळे या विद्येच्या शिक्षणात लक्षणाकडून कारणाकडे जाणाऱ्या क्रमबद्ध विचारपद्धतीला सर्वाधिक महत्त्व आहे. उघडलेल्या यंत्रात प्राणघातक विद्युत दाब असू शकतो, म्हणून सुरक्षिततेचे नियम हा या शिक्षणाचा पहिला पाठ मानला जातो.

पार्श्वभूमी

गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या इतिहासाचा दुरुस्तीच्या दुकानाशी जवळचा संबंध आहे. लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान सुरू केले. पुढे त्यांच्याच कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर जगभर प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांच्या सहकाऱ्यांनी फेंडरच्या ‘बेसमन’ या यंत्राच्या रचनेवरून ‘जेटीएम ४५’ हा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. त्या काळातील यंत्रे रेडिओप्रमाणेच निर्वात नलिकांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालत. नंतर ट्रान्झिस्टर आणि अलीकडे अंकीय तंत्रावर आधारित यंत्रे आली, तरी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आजही बनतात व वापरले जातात.

रचना

बिघाड शोधण्यापूर्वी निरोगी यंत्र कसे चालते हे माहीत असावे लागते. कोणत्याही गिटार अ‍ॅम्प्लिफायरचे ढोबळमानाने चार भाग असतात. वीजपुरवठा विभाग घरगुती प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर एकदिश विजेत करतो. पूर्वविवर्धक गिटारचा संकेत वाढवतो व त्याचा पोत ठरवतो. शक्तिविवर्धक त्या संकेताला स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देतो. अखेरीस स्पीकर विद्युत संकेताचे ध्वनीत रूपांतर करतो.

अभ्यासासाठी फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘चॅम्प’ या छोट्या यंत्राची ‘५एफ१’ ही रचना सोयीची आहे. तीत १२एएक्स७, ६व्ही६ आणि ५वाय३ असे तीनच व्हॉल्व्ह असतात. गिटारचा संकेत १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागात शिरतो, तेथून एका धारित्रातून व्हॉल्यूमच्या बटणाकडे, मग त्याच व्हॉल्व्हच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, पुन्हा एका धारित्रातून ६व्ही६ या शक्तिव्हॉल्व्हकडे आणि शेवटी आउटपुट रोहित्रामार्फत स्पीकरकडे जातो. ५वाय३ हा एकदिशकारक असून तो वीजपुरवठ्याचा भाग आहे. मोठ्या यंत्रांत टप्पे वाढतात, पण क्रम हाच राहतो.

धारित्राला बाजारात ‘कंडेन्सर’ किंवा ‘कपॅसिटर’ म्हणतात. त्याची दोन कामे येथे लक्षात ठेवावी लागतात. दोन टप्प्यांमधील धारित्र संकेताला पुढे जाऊ देते व एकदिश दाब अडवते. वीजपुरवठ्यातील मोठी धारित्रे विजेचा साठा करून तिच्यातील चढउतार सपाट करतात. त्यांना फिल्टर धारित्रे म्हणतात.

सुरक्षितता

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये साधारणपणे ३०० ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब असतो. यंत्राची पिन सॉकेटमधून काढल्यानंतरही फिल्टर धारित्रांत हा दाब टिकून राहू शकतो. यंत्र बंद आहे म्हणून ते निर्धोक आहे, असा समज नवशिक्यासाठी सर्वांत घातक ठरतो.

यंत्र उघडल्यावर पिन काढलेली असल्याची खात्री करावी. नंतर काही हजार ओहमचा व काही वॉट क्षमतेचा रोधक निरोधक आवरणाच्या तारांनी जोडून प्रत्येक फिल्टर धारित्रातील विद्युतभार काढून टाकावा. दाब शून्याजवळ आल्याचे मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये. पेचकसाने धारित्राची टोके एकदम जोडण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिच्यामुळे ठिणगी उडते, सुटे भाग बिघडतात आणि भार पूर्ण गेला की नाही हेही कळत नाही. चालू यंत्रात मापन करणे अटळ असेल तेव्हा एक हात पाठीमागे किंवा खिशात ठेवावा, म्हणजे चुकून धक्का बसल्यास प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हृदयावरून जात नाही. अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. अशा वेळी एकट्याने काम करू नये.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करणे वादकाच्याही जिवावर बेतू शकते. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे कार्यक्रम सुरू असताना, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू झाला. जुन्या अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायरना दोन पिनांची वायर असे. अशी यंत्रे दुरुस्तीला आल्यास तीन पिनांची वायर बसवून यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला अर्थिंग जोडणे हे पहिले काम समजावे. गुणगुण कमी व्हावी म्हणून अर्थिंगची पिन तोडणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. भारतात ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. अमेरिकेतून आणलेले यंत्र येथे थेट जोडल्यास फ्यूज उडण्यापासून रोहित्र जळण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

साधने

प्राथमिक कामासाठी पुरेशा दाबाचा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, डाख, पक्कड व पेचकस, चालू स्थितीतील एक जादा केबल आणि यंत्राची परिपथ-आकृती एवढे साहित्य पुरते. भारतातील रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणारे कारागीर वापरतात तो ‘सिरीज बोर्ड’ येथेही उपयोगी पडतो. त्यात ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा बल्ब यंत्राच्या वीजपुरवठ्याशी एकसर जोडलेला असतो. यंत्र ठीक असल्यास बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आत शॉर्ट असल्यास तो प्रखर जळत राहतो आणि प्रवाह मर्यादित झाल्यामुळे महागडे भाग वाचतात. या कामी एलईडी बल्ब चालत नाही.

दोषनिदानाची पद्धत

बाहेरून आत

अनेक ‘नादुरुस्त’ अ‍ॅम्प्लिफायर प्रत्यक्षात सुस्थितीत असतात; बिघाड केबलमध्ये, गिटारच्या सॉकेटमध्ये किंवा पेडलच्या उतरलेल्या बॅटरीत असतो. म्हणून दुसरी गिटार, दुसरी केबल आणि शक्य असल्यास दुसरा स्पीकर जोडून पाहिल्याखेरीज यंत्र उघडू नये. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, त्याने आउटपुट रोहित्र निकामी होऊ शकते.

यंत्राला ‘सेंड’ व ‘रिटर्न’ अशी सॉकेट असतील आणि आवाज मधूनच दबत असेल, तर ती दोन्ही एका छोट्या केबलने जोडून पाहावीत. आवाज पूर्ववत झाल्यास रिटर्न सॉकेटमधील संपर्कपट्टी काळवंडली आहे असे समजावे.

निरीक्षण

भार काढून टाकलेल्या यंत्राचे चांगल्या उजेडात निरीक्षण करावे. काळवंडलेले रोधक, फुगलेली किंवा पाझरलेली धारित्रे, सैल तारा, जळकट वास आणि डाखाच्या जोडाभोवतीची बारीक वर्तुळाकार भेग ही बोलकी चिन्हे होत. व्हॉल्व्हच्या काचेच्या आतील चंदेरी डाग पांढरा पडला असल्यास आत हवा शिरलेली असते व तो व्हॉल्व्ह निरुपयोगी ठरतो.

बटणांचा उपयोग

यंत्रावरील बटणे हीदेखील चाचणीची साधने आहेत. नको असलेला आवाज व्हॉल्यूम कमी केल्यावर कमी होत असेल, तर तो त्या बटणाच्या आधीच्या टप्प्यात निर्माण होतो. बटण फिरवूनही त्यात फरक पडत नसेल, तर दोष पुढील टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात असतो. यंत्र न उघडता अर्धे क्षेत्र अशा रीतीने वगळता येते.

निम्मे-निम्मे करणे

हेच तत्त्व आतही लागू पडते. संकेताच्या वाटेवर सोळा तपासणीबिंदू असतील, तर एकेक तपासत जाण्याऐवजी प्रथम मधला बिंदू तपासावा. तेथपर्यंत संकेत येत असेल तर पहिला अर्धा भाग निर्दोष ठरतो. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. असे केल्यास चार चाचण्यांत सदोष टप्पा सापडतो. यासाठी आदानास लहान स्थिर संकेत देऊन ऑसिलोस्कोपने तो पुढे पाहत जातात.

मापनाचे एक उदाहरण

वर उल्लेखिलेल्या ‘५एफ१’ रचनेत ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रोधक असतो व त्यावर सुमारे १९ व्होल्ट अपेक्षित असतात. ओहमच्या नियमानुसार १९ ला ४७० ने भागले असता सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. हा निरोगी व्हॉल्व्हचा प्रवाह होय.

समजा, तेथे ३५ व्होल्ट आढळले. प्रवाह सुमारे ७४ मिलिअँपिअर झाला. व्हॉल्व्ह तापून त्याचे पत्रे लाल होऊ लागतील. कारणे दोन संभवतात: मागील टप्प्याशी जोडणारे धारित्र गळके असून ते एकदिश दाब पुढे सोडत आहे, किंवा व्हॉल्व्हच सदोष आहे. व्हॉल्व्हच्या ग्रिडवर शून्य व्होल्ट अपेक्षित असता काही व्होल्टचा धन दाब मिळाला, तर यंत्र बंद करून, भार काढून तो व्हॉल्व्ह उपसावा आणि यंत्र थोड्या वेळापुरते चालू करून त्याच जागी पुन्हा मापन करावे. धन दाब कायम राहिल्यास धारित्र दोषी. नाहीसा झाल्यास व्हॉल्व्ह दोषी. हे न करता केवळ नवा व्हॉल्व्ह बसवल्यास गळक्या धारित्रामुळे तोही काही दिवसांत खराब होतो.

नेहमीचे दोष

गुणगुण: भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने गुणगुण बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झची असते. पूर्णतरंग एकदिशकारकानंतर उरणारे चढउतार १०० हर्ट्झचे असतात, म्हणून १०० हर्ट्झची गुणगुण जुन्या, सुकलेल्या फिल्टर धारित्रांकडे बोट दाखवते. ५० हर्ट्झची गुणगुण सदोष अर्थिंग, केबलचे तुटलेले आवरण किंवा व्हॉल्व्हच्या तापकाची तार यांतून येते. गिटारवादकाला हा फरक कानाने ओळखता येतो. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजणारा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. १०० हर्ट्झची गुणगुण जवळपास त्याच स्वराची, तर ५० हर्ट्झची त्याच्या एक सप्तक खाली असते.

खरखर: बटण फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीमुळे होते व कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. साफ करूनही ती परतल्यास गळक्या धारित्रातून बटणावर एकदिश दाब येत असण्याची शक्यता तपासावी.

अधूनमधून जाणारा आवाज: हा सर्वांत चिवट दोष होय, कारण तपासणीच्या वेळी यंत्र नेमके ठीक चालते. कोरड्या लाकडी काडीने आतील भाग एकेक करून हलके दाबले असता आवाज जेथे तुटतो तेथील डाखाचा जोड पुन्हा करावा.

किणकिण: व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली असता स्पीकरमधून मोठा टणत्कार उमटल्यास त्या व्हॉल्व्हमधील भाग सैल झालेले असतात.

फ्यूज उडणे: फ्यूज उडणे हे लक्षण आहे. त्याच मापाचा नवा फ्यूज पुन्हा उडाल्यास सिरीज बोर्डावर यंत्र लावून शॉर्ट शोधावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळल्यास पुढचा फ्यूज म्हणजे यंत्राचे रोहित्र ठरते.

दोष आणि गुण

दुरुस्ती करणाऱ्याने वादकाला काय हवे आहे हे विचारणे आवश्यक असते. ‘द किंक्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये आपल्या लहान अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने मुद्दाम चिरला आणि त्यातून आलेला फाटका आवाज ‘यू रिअली गॉट मी’ या ध्वनिमुद्रणात वापरला. ध्वनिवर्धनाच्या इतर क्षेत्रांत दोष मानली जाणारी विकृती गिटारवादनात शैलीचा भाग आहे. त्यामुळे आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या भरात मूळ भागांची मूल्ये बदलू नयेत, व बदललीच तर त्याची नोंद ठेवावी.

शिक्षण

या विषयाची सुरुवात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान परिपथापासून करणे सुरक्षित असते. ‘एलएम३८६’ या एकात्मिक चिपवर आधारित छोटा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधल्यास डाख देणे, परिपथ-आकृती वाचणे व मापन करणे या तिन्ही गोष्टींचा सराव होतो. त्यानंतर ट्रान्झिस्टरची यंत्रे आणि शेवटी, जाणकाराच्या देखरेखीखाली, व्हॉल्व्हची यंत्रे हा क्रम योग्य होय. भारतातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम या कामाचा पाया घालतो. सुटे भाग मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठ यांसारख्या बाजारपेठांत मिळतात.

प्रत्येक दुरुस्तीची वही ठेवण्याची सवय उपयुक्त ठरते. तीत लक्षण, घेतलेली मापने, काढलेला निष्कर्ष आणि प्रत्यक्षात सापडलेला दोष असे चार रकाने असावेत. निष्कर्ष आणि सापडलेला दोष जेथे जुळत नाहीत, त्या नोंदी शिकणाऱ्यासाठी सर्वांत मोलाच्या असतात.