होतेईचं पोट

जपानमधल्या इसे भागात त्सुगे नावाचं झाड उगवतं. वाढ अतिशय सावकाश, म्हणून लाकूड इतकं घट्ट की केसाएवढी रेघ ओढली तरी कड तुटत नाही. त्याचा जेमतेम चार सेंटिमीटरचा तुकडा कारागिरानं डाव्या मुठीत धरला आणि अंगठ्यानं पातं रेटत होतेई कोरायला घेतला. आपल्याकडे दुकानांच्या गल्ल्यावर हसत बसलेला ‘लाफिंग बुद्धा’ तो हाच. त्याची गौतम बुद्धाशी गल्लत होते; हा मूळचा चिनी भिक्षू बुदाई, झोळी घेऊन हिंडणारा. जपाननं त्याला सात भाग्यदेवतांत बसवलं.

कारागीर घडवत होता तो नेत्सुके. किमोनोला खिसे नसत. त्यामुळे एदो काळात (१६०३ ते १८६८) तंबाखूची चंची किंवा औषधाची डबी दोरीला बांधून कमरपट्ट्याखालून लटकवत. दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला नेत्सुके. त्याला बाहेर आलेलं टोक चालत नाही, रेशमात अडकतं नाहीतर मोडतं. सारस कोरायचा तर मान अंगाशी दुमडावी लागते. होतेईचं पोट, झोळी, टक्कल सगळंच मुळात गोल! कारागिरांचा तो लाडका झाला त्यात या गोलाईचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

चेहऱ्याआधी दोरीची वाट ठरते. एरवी पाठीला दोन भोकं पाडून आतून जोडतात. एक जरा मोठं, गाठ त्यात लपते. जागा चुकली तर देव कमरेला तिरपा बसतो. इथे झोळी आणि कोपर यांच्यामधली फट कारागिरानं आरपार मोकळी केली, तिच्यातूनच दोरी ओवली. वेगळं भोक पाडावंच लागलं नाही. हे बघताना फार आनंद झाला.

हसू सर्वांत शेवटी. डोळ्यांच्या दोन चिरा पडल्या, मग ओठांची कड उचलायची होती. पातं ओठांना लागलंच नाही. त्यानं गालाखालचं लाकूड कणाकणानं काढलं आणि गाल वर आले. नंतर तोकुसा या खरखरीत वनस्पतीनं घासणं, हरणाच्या शिंगाच्या पुडीनं चकाकी.

एदोनंतरच्या मेजी काळात खिशांचे कपडे आणि सिगारेटी आल्या, चंची सुटली, नेत्सुके जहाजांतून युरोपात गेले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते भरपूर आहेत. तिथे गेलात तर थोडं बाजूला सरकून मूर्तीची पाठ बघा. भोकाची कड दोरीनं झिजलेली दिसली, तर तो नेत्सुके कुणीतरी कमरेला लावून वापरलेला आहे.