शेततळ्याला ‘शॅलो’ बाजू नसते

जुन्नर-आंबेगावची आपली पोरे पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. शहरातल्या स्विमिंग पुलावर त्यालाच ‘फ्लोट’ म्हणतात. तिथे ‘शॅलो’ म्हणजे उथळ, ‘डीप’ म्हणजे खोल, ‘नो डायव्हिंग’ म्हणजे सूर मारू नका आणि ‘लाइफगार्ड’ म्हणजे बुडत्याला वाचवणारा. मुलांना हे शब्द जरूर शिकवा.

पण हेही सांगा, की आपल्या शेततळ्याला शॅलो बाजू नसते, लाइफगार्डही नसतो. उतारावरचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून तळ्याला कुंपण घाला, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडा, हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवा. हे काम या आठवड्यातच उरका.