कोर्ट विचारतं, झोप लागते का?

टेक्ससमधल्या एका काउंटी कोर्टात आज दुपारी एकही खटला चालणार नाहीये, तरी बाकं भरलेली आहेत. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेली ही माणसं. बहुतेकांची दुसरी-तिसरी वेळ. तिसऱ्या गुन्ह्याला या राज्यात दोन ते दहा वर्षांचा तुरुंगवास आहे. त्याऐवजी यांनी डीडब्ल्यूआय कोर्टाची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या खास कोर्टाची वाट धरलीय. वर्षभर तरी उपचार, कधीही होणारी तपासणी आणि ठरावीक दिवसांनी न्यायाधीशांपुढे हजेरी.

माझ्या पुढच्या बाकावरच्या माणसाने पाय लांब केलाय. जीन्सखालून घोट्याला बांधलेली काळी डबी दिसते. घामावाटे बाहेर पडणारी दारू ती दर अर्ध्या तासाने तपासते. पट्ट्याच्या कडेला कातडीवर लाल वळ उठलाय.

त्याचं नाव पुकारलं जातं. न्यायाधीशबाईंपुढे त्याची फाइल उघडी आहे. सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन ऑफिसर आणि समुपदेशक यांच्याशी त्या आधीच बोलून आल्यात.

"झोप लागते का आता?"

"लागते, मॅडम. भावाच्या लग्नात मात्र टोस्टसाठी ग्लास उंचावले तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो."

बाई टाळ्या वाजवतात. मग सगळं कोर्ट. सरकारी वकीलसुद्धा! आरोपीसाठी सरकारी वकिलाने टाळ्या वाजवलेल्या मी पहिल्यांदाच पाहतेय.

पुढची बाई हॉस्पिटलच्या गणवेशात आलीय. तिच्या लघवीच्या तपासणीत दारूचा अंश सापडलाय.

"माउथवॉश असेल," ती म्हणते.

न्यायाधीश काहीच बोलत नाहीत, नुसत्या तिच्याकडे बघत राहतात. बराच वेळ जातो.

"शनिवारी प्यायले. दोन ग्लास वाइन."

"खरं सांगितलंत, बरं केलंत. खोटं महागात पडलं असतं." तरी शिक्षा चुकत नाही. आज संध्याकाळपासून रविवारपर्यंत तुरुंग आणि सोमवारपासून उपचारगटाच्या जादा बैठका. ती कानातले काढते, आईच्या हातावर ठेवते आणि डेप्युटी शेरीफबरोबर आतल्या दाराने जाते. आई कानातले मुठीत धरून बसून राहते. तिच्याकडे बघवत नाही.

मला या कोर्टाचं मोठेपण इथे दिसतं. चूक लगेच पकडली जाते, शिक्षा थोडकी पण नक्की होते आणि शिक्षेनंतर माणसाला सोडून दिलं जात नाही. न्यू मेक्सिकोतल्या डोन्या आना काउंटीत 1995 मध्ये असं पहिलं कोर्ट सुरू झालं. नुसत्या दंडाने व्यसन सुटत नाही, हे तिथल्या न्यायाधीशांना तेव्हाच उमगलं होतं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आहे. पुन्हा पकडलं तर 15 हजार रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पकडलेला माणूस का पितो, कशाने थांबेल, हे कलम विचारत नाही. पण 1958 चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट नशेपासून दूर राहण्याची अट घालायची मुभा न्यायाधीशांना देतो आणि पुण्यात मुक्तांगण ही संस्था 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. वकील मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी असा अशील आला तर दंड भरून मोकळं होऊ नका. उपचाराच्या अटीसाठी अर्ज करा.