बहात्तर गावांचं स्वराज्य

आजच्या नकाशात औंध संस्थान शोधू गेलं तर ते एका जागी सापडत नाही. औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट कर्नाटकात. मधली सगळी जमीन दुसऱ्यांची. कुठे इंग्रजांची, कुठे शेजारच्या संस्थानिकांची. एकूण गावं ७२. अशा तुकड्यातुकड्यांच्या मुलखात १९३९ च्या जानेवारीत एक राज्यघटना लागू झाली आणि राजाने आपला अधिकार कायद्याने प्रजेच्या हाती दिला.

राजाच्या हाती मुळात अधिकार होता तरी किती? संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, नाणं हे सगळं इंग्रज सरकारकडे. इतर दरबारांशी राजकीय बोलणी करायची तर तीही इंग्रजांमार्फत. मात्र घरातला कारभार, म्हणजे सारा, न्याय, शाळा, पोलीस, संस्थानाचा होता. म्हणून औंधला जे वाटता आलं ते एवढंच. पण गावातल्या माणसाचा रोज संबंध येतो तो याच गोष्टींशी.

राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून आलेले. त्यांच्या जोडीला मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा ज्यू इंजिनिअर, जो स्वामी भारतानंद म्हणूनही ओळखला जाई. हे दोघे गांधीजींकडे गेले आणि घटनेचा आराखडा त्यांच्याशी बोलून ठरला. साक्षरतेवर गांधीजींचा विशेष भर होता.

रचना खालून वर जाणारी. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुका समिती, आणि तालुक्यांतून निवडलेली माणसं संस्थानाच्या विधिमंडळात. म्हणजे मतदार थेट निवडतो फक्त आपल्या गावचे पंच. वरची प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी. आपण १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या तिन्ही ठिकाणी थेट मत देतो. औंधची पद्धत त्याच्या उलट. तिच्यात तालुक्याला बसलेला माणूस संध्याकाळी गावच्या पारावर जाब द्यायला सापडतो, हा फायदा मोठा. तोटाही उघड आहे: गावात ज्याची भावकी जड, त्याचंच वजन पायरी-पायरीने वर चढणार.

पण पंचायतीकडे निवडणुकीखेरीज दोन खऱ्या गोष्टी होत्या, त्या म्हणजे खर्चायला पैसा आणि तंटे सोडवण्याचा अधिकार. बांधाचं भांडण असो की मारामारी, वकिलाच्या ओसरीवर हेलपाटे न घालता ते गावातच ऐकलं जाई. आमच्या ग्रामसभांना आज ठराव करता येतात, निवाडा करता येत नाही. मला हा फरक मतदानाच्या पद्धतीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

याच हवेत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं: भिंत नसलेला तुरुंग, जिथे खुनाचे कैदीही बायकामुलांसह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कल्पना इथलीच.

कुंडलची गोष्ट आणखी वेगळी. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजी साताऱ्यात न्यायदान मंडळं चालवत होतं. त्यातले जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि कुंडल औंधचं. हद्द ओलांडली की हुकमत बदले, त्यामुळे भूमिगतांना हा मुलूख आधाराचा ठरला. एका बाजूला राजाने दिलेली पंचायत, दुसऱ्या बाजूला राजवट झुगारून उभी केलेली मंडळं. न्याय गावात व्हावा हे दोन्हीकडे सारखंच.

स्वातंत्र्य आल्यावर औंध, भोर, फलटण यांसारख्या संस्थानांनी ‘संयुक्त दख्खन संस्थान’ असा संघ करून पाहिला. छोट्यांनी एकत्र येऊन टिकावं हा त्यामागचा हिशेब. पण प्रजेचा ओढा विलीनीकरणाकडे होता आणि सरदार पटेलांचं संस्थान खातं तर त्याच वाटेने निघालं होतं. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात गेलं. अप्पासाहेब त्याच वर्षी भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला रवाना झाले. ज्या परराष्ट्र व्यवहारात औंधला कधी तोंड उघडता आलं नव्हतं, तोच त्यांचा पेशा झाला. बहात्तर गावांना मुंबई प्रांताचे कायदे लागू झाले, आणि पंचायतींचे अधिकार किती असावेत हे मुंबईत ठरू लागलं.