‘शरिया आहे की नाही?’ एवढ्यावर थांबू नका : मालदीवची राज्यघटना वाचताना

शोधनिबंधांच्या कुठल्याही साठ्यात ‘मालदीव’ टाकून बघा. पहिली कितीतरी पानं समुद्रपातळी, प्रवाळ आणि पर्यटन यांनी भरलेली दिसतील. माझं स्वतःचं कामही त्याच बाजूचं, प्रवाळबेटांच्या झिजेचं. एम.एस्सी. झालेल्या माणसाने एखाद्या देशाची राज्यघटना कलमवार वाचावी, असं माझ्या सिनॉप्सिसमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण बेटं राहण्यालायक उरली नाहीत तर लोक कुठे जाणार, हा प्रश्न घेतला की त्याच्या आधीचा एक प्रश्न आडवा येतो : हे ‘लोक’ म्हणजे नेमके कोण?

त्याचं कायदेशीर उत्तर २००८ च्या राज्यघटनेच्या कलम ९ मध्ये आहे. तिथे नागरिक कोण ते सांगितलंय, आणि शेवटी म्हटलंय की मुस्लिमेतर व्यक्ती मालदीवची नागरिक होऊ शकत नाही. जवळजवळ १,२०० बेटं, त्यातल्या सुमारे २०० बेटांवर वस्ती, २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ५ लाख १५ हजार लोक आणि त्यातले एक चतुर्थांश परदेशी. एवढ्याशा देशात धर्म हीच नागरिकत्वाची अट आहे. म्हणून या देशाच्या भवितव्यावर संशोधन करायचं तर धार्मिक कायद्याला वळसा घालून जाता येत नाही.

आता तुम्ही पेटची तयारी करताय, विषय शोधताय, असं धरून चालतो. अशा विषयावर पहिल्या मसुद्यात साधारण असा प्रश्न लिहिला जातो : ‘मालदीवमध्ये शरिया कायदा लागू आहे का आणि त्याचा लोकशाहीवर काय परिणाम होतो?’ वाचायला बरं वाटतं. पण यात ‘शरिया’ हे एकच व्हेरिएबल, तेही हो-नाही असं दोन किमतींचं. मालदीवपुरतं उत्तर ‘हो’ आहे आणि ते शतकानुशतकं ‘हो’च आहे. जे बदलतच नाही त्याने बदल कसा समजावून सांगणार? विज्ञानाच्या मुलांना हे पटकन कळेल : कॉन्स्टंट घेऊन ग्राफ काढायला बसल्यासारखं आहे ते.

मग बदलतं काय? माझ्या मते, ‘धर्म काय सांगतो’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ते बदलतं.

थोडं मागे जाऊ. परंपरेनुसार ११५३ मध्ये इथल्या राजाने बौद्ध धर्म सोडून इस्लाम स्वीकारला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १३४३-४४ च्या सुमारास, इब्न बतूता तिथे पोचला आणि त्याला काझी नेमलं गेलं. त्याचं प्रवासवर्णन या विषयासाठी फार मोलाचं आहे, कारण बाहेरून आलेला न्यायाधीश आणि इथलं रीतिरिवाजांतलं जगणं यांची ओढाताण त्यात स्पष्ट दिसते. त्याने चोराचा हात तोडण्याची शिक्षा दिली तेव्हा दरबारातली काही माणसं चक्क बेशुद्ध पडली. बायकांनी अंगभर कपडे घालावेत असा हुकूम त्याने काढला, पण तो काही त्याला अमलात आणता आला नाही, हे त्यानेच लिहून ठेवलंय. आणि हे सगळं चाललं होतं ते खदीजा नावाच्या राणीच्या राज्यात! पुढे विसाव्या शतकात प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्ष पुरुषच असावा अशी अट घातली आणि ती २००८ मध्ये निघाली. राज्य मुस्लिमच होतं. तरी बाईने राज्य करणं एका काळात चाललं, दुसऱ्यात चाललं नाही, तिसऱ्यात पुन्हा चालू शकतं असं ठरलं.

न्यायपरंपराही एकच राहिलेली नाही. इब्न बतूताच्या वेळी मालिकी पंथाचे नियम चालत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांना हाकलल्यानंतर शाफई पंथ रुजला. म्हणजे ‘पूर्वापार चालत आलेला शरिया’ असं कोणी म्हणालं की तुम्ही विचारायचं, कुठल्या शतकातला?

(एक आगाऊ गोष्ट : दिवेही ही मालदीवची भाषा सिंहलीची जवळची बहीण, म्हणजे मराठीचीही लांबची नातेवाईक. ‘दिवेही’तला ‘दिव’ म्हणजे आपलं द्वीप. लिपी मात्र थाना, उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि तिची पहिली अक्षरं चक्क अंकांवरून घेतलेली आहेत.)

आता मुख्य मुद्दा. मौमून अब्दुल गयूम १९७८ ते २००८ अशी तीस वर्षं राष्ट्राध्यक्ष होते. ते कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकलेले, म्हणजे धर्मशास्त्राची पदवीही त्यांच्याकडे आणि सत्ताही त्यांच्याकडे. १९९४ मध्ये धार्मिक ऐक्याच्या संरक्षणाचा कायदा आला. १९९८ च्या राज्यघटनेने तर इस्लामच्या तत्त्वांच्या प्रसाराचा सर्वोच्च अधिकार राष्ट्राध्यक्षाकडेच दिला होता. धर्माबद्दल अंतिम शब्द कोणाचा, याला सरळ उत्तर होतं. ज्यांना ते मान्य नव्हतं, विशेषतः बाहेर शिकून आलेले कडवे प्रचारक, त्यांच्या वाट्याला तुरुंग आला.

२००५ मध्ये पक्षांना परवानगी मिळाली, २००८ मध्ये नवी घटना आली आणि मोहम्मद नाशीद निवडून आले. नव्या घटनेने राष्ट्राध्यक्षाचा तो धार्मिक अधिकार काढून घेतला. पण इस्लाम हा सर्व कायद्यांचा एक आधार राहील आणि इस्लामच्या कुठल्याही तत्त्वाविरुद्ध कायदा करता येणार नाही, हे कलम १० मध्ये कायम राहिलं. कलम १६ ने मूलभूत हक्क दिले, तेही इस्लामच्या तत्त्वांना धरूनच. कायदा जिथे गप्प आहे तिथे न्यायाधीशांनी शरिया विचारात घ्यावा, असं कलम १४२ सांगतं. नियम तसाच राहिला आणि तो लावणारा माणूस खुर्चीवरून उठला. खुर्ची रिकामी राहत नाही. तिच्यासाठी रांग लागली.

म्हणून ‘लोकशाही आली की धर्माचा पगडा कमी होतो’ हे गृहीतक इथे चालत नाही. मालदीवमध्ये पक्षीय स्पर्धा आणि धार्मिक अधिकारासाठीची स्पर्धा एकाच दाराने आत आली. विरोधी पक्ष असणं कायदेशीर झालं आणि सरकारवर टीका करायची सगळ्यांत सुरक्षित भाषा धर्माची ठरली, कारण त्या भाषेला ‘तू देशद्रोही’ असं उत्तर देता येत नाही.

याचा नमुना म्हणजे २०११ चे शेवटचे दोन महिने. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क प्रमुख नवी पिल्ले यांनी मालदीवच्या संसदेत, म्हणजे मजलिसमध्ये, फटक्यांची शिक्षा थांबवण्याचं आवाहन केलं. त्याच महिन्यात अड्डू इथे सार्क परिषद झाली आणि तिथे पाहुण्या देशांनी उभारलेली स्मारकं ‘मूर्ती’ ठरवून काही जणांनी फोडली. २३ डिसेंबरला ‘इस्लामच्या रक्षणासाठी’ मालेमध्ये मोठा मोर्चा निघाला. मागण्यांमध्ये पिल्लेंचा निषेध, इस्राएलशी विमानसेवा नको, स्मारकं हटवा या होत्याच. शिवाय स्पा आणि मसाज पार्लर बंद करा हीसुद्धा होती. इथे सरकारने एक विलक्षण चाल केली. रिसॉर्टमधले स्पा खरोखरच बंद करण्याचा आदेश काढला! देशाची कमाई पर्यटनावर. रिसॉर्टची बेटं कायद्याने ‘वस्ती नसलेली’ मानायची आणि तिथे पर्यटकांना दारू चालू द्यायची, अशी जुनी सोय. सरकार जणू म्हणत होतं, घ्या, करून दाखवतो, मग बघू. सर्वोच्च न्यायालयाला मतही विचारलं. न्यायालयाने मत द्यायला नकार दिला. काही दिवसांत आदेश मागे घेतला गेला.

७ फेब्रुवारी २०१२ ला पोलिसांचं बंड आणि निदर्शनं यांच्या गदारोळात नाशीद यांनी राजीनामा दिला. तो जबरदस्तीने घेतला गेला असं ते नंतर म्हणाले. चौकशी आयोगाने उठावाचा आरोप मान्य केला नाही. त्याच दिवशी राष्ट्रीय संग्रहालयात घुसून जमावाने इस्लामपूर्व काळातल्या प्रवाळी दगडाच्या बौद्ध मूर्तींचा चुरा केला. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या धर्मांतराचा वाद अजून मिटलेला नाही, असंच त्या लोकांना वाटत असावं.

आता संशोधक म्हणून तुम्हाला टोचायला हवी अशी गोष्ट. या सगळ्यात पुढे असलेल्या अधालत या धार्मिक पक्षाला २००९ च्या संसदीय निवडणुकीत एकही जागा मिळाली नव्हती. तरीही २००८ मध्ये नव्याने तयार झालेलं इस्लामी व्यवहार मंत्रालय आघाडीचा वाटा म्हणून त्यांच्याच हाती आलं. म्हणजे मतांचे आकडे घेऊन बसलात तर धार्मिक राजकारणाचा प्रभाव शून्य दिसेल. लहान देशात चारदोन माणसांचं वजन मतपेटीत मोजता येत नाही. मंत्रालयं, न्यायालयं, शुक्रवारची प्रवचनं आणि आघाड्यांचे करार तपासावे लागतात. इथे कुठला डेटा गोळा करायचा हे शोधप्रश्नावरून ठरतं. हाताशी आकडे आहेत म्हणून त्यांच्यावरून प्रश्न बेतू नका.

दुसरा धागा दंडसंहितेचा. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक पॉल रॉबिन्सन यांच्या गटाकडे नव्या दंडसंहितेच्या मसुद्याचं काम आलं. शरियावर आधारलेली आणि तरीही आधुनिक रचनेची संहिता लिहायची होती. मसुदा वर्षानुवर्षं पडून राहिला, २०१४ मध्ये कायदा मंजूर झाला आणि जुलै २०१५ मध्ये लागू झाला. कुराणात ज्यांची शिक्षा ठरवून दिलेली आहे अशा गुन्ह्यांना तीच शिक्षा, हे त्यात आहेच. त्यामुळे बातम्यांत ‘शरिया लागू’ असे मथळे आले. पण बारकाईने बघा : गुन्ह्याची व्याख्या, पुराव्याची पातळी, शिक्षेची श्रेणी हे सगळं कलमांत बांधलं की काझीच्या मर्जीला कुंपण पडतं. धर्मग्रंथातून अर्थ काढण्याचा मोठा हिस्सा संसदेकडे सरकतो. तोच कायदा एका बाजूने जास्त धार्मिक आणि दुसऱ्या बाजूने जास्त संसदीय. तुमच्या हो-नाही व्हेरिएबलमध्ये हे कुठे बसवणार?

आणि हा वाद काही नुसता कागदावरचा नाही. डॉ. अफराशीम अली हे खासदार आणि इस्लामी विद्येचे डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासक. संगीत निषिद्ध नाही, अशा त्यांच्या मतांमुळे कडवे गट त्यांच्यावर खवळलेले होते. १ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री दूरचित्रवाणीवरच्या धार्मिक कार्यक्रमातून घरी परतल्यावर त्यांना इमारतीच्या जिन्यातच भोसकून मारलं. २०१७ मध्ये ब्लॉगर यामीन रशीद यांचाही तसाच, घराच्या जिन्यात खून झाला. यामीन उपरोधाने लिहिणारे, अफराशीम धर्मग्रंथ कोळून प्यायलेले. दोघांमध्ये साम्य एवढंच की ठरलेल्यापेक्षा वेगळा अर्थ त्यांनी जाहीरपणे मांडला. ‘अर्थ कोण लावणार’ या प्रश्नाची किंमत माणसं अशी मोजतात, हे प्रकरण लिहिताना डोक्यात असू द्या. तटस्थता राखायची म्हणजे हे तळटीपेत ढकलायचं असं नाही.

परत नागरिकत्वाकडे येतो. कलम ९ मध्येच असंही आहे की कोणत्याही नागरिकाचं नागरिकत्व काढून घेता येणार नाही. आणि मुस्लिमेतराला नागरिक होता येणार नाही. मग जन्माने नागरिक असलेल्याने श्रद्धा सोडली तर? मे २०१० मध्ये मालेमध्ये मुंबईचे धर्मप्रचारक झाकीर नाईक यांचं जाहीर व्याख्यान होतं. एका श्रोत्याने उभं राहून सांगितलं की आपला धर्मावर विश्वास नाही. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि काही दिवसांतच त्याने दूरचित्रवाणीवर माफी मागून पुन्हा कलमा म्हटला. दोन वाक्यांमधला विरोध न्यायालयात पोचण्याआधीच समाजाने मिटवून टाकला. लहान देशात कलमांचा अर्थ पुष्कळदा असाच, खटल्याविना लागतो.

समुद्र चढला आणि लोक श्रीलंकेत, भारतात किंवा ऑस्ट्रेलियात पांगले, तर जमीन हा राष्ट्राचा आधार कमकुवत होईल आणि कलम ९ चं वजन वाढेल. परक्या देशात, मिश्र लग्नांतून जन्मलेल्या मुलांना ‘आपलं’ कोण ठरवणार? हवामान-स्थलांतरावरच्या लेखनात हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

सुरुवात कुठून करायची? घटनेच्या शेवटी कलम २७४ मध्ये व्याख्या आहेत. तिथे ‘इस्लामचं तत्त्व’ म्हणजे काय ते दिलंय : पवित्र कुराण, सुन्नतमधली ज्यांच्या उगमाबद्दल वाद नाही अशी तत्त्वं, आणि या दोन्हींतून निघणारी तत्त्वं. इंग्रजी भाषांतर सहज मिळतं, पण प्रमाण मूळ दिवेही पाठच. ‘वाद नाही’ या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि मग मजलिसमधली चर्चा वाचायला घ्या.