उन्हाने सुटलेल्या सालीला काय म्हणाल?

बंगळूरच्या बसवनगुडी भागात कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांची मोठी जत्रा भरते. कन्नडात तिला ‘कडलेकाय परिषे’ म्हणतात. बैलमंदिराच्या रस्त्यावर भुईमुगाच्या राशी लागतात आणि पायांखाली टरफले चुरचुरतात. टिळकांच्या शाळेतली म्हणून सांगितली जाणारी ती गोष्ट ऐकलेल्या मराठी मुलाला ‘टरफल’ हा शब्द शिकवावा लागत नाही. परंतु त्याच मुलाच्या नाकाच्या शेंड्यावर, दोन-तीन दिवसांच्या सहलीनंतर जे पांढरट पातळ पदर सुटू लागतात, त्यांना काय म्हणावयाचे, असे त्याने विचारले तर आपण क्षणभर अडखळाल.

वास्तविक आपली भाषा या बाबतीत दरिद्री नाही. शेंगेचे टरफल, दाण्याची साल, कांद्याचा पापुद्रा, भिंतीचा पोपडा, लाकडाची ढलपी, जखमेची खपली, सापाची कात, भाताचे तूस! एका गोष्टीवरून दुसरी सुटून निघते, एवढीच ती क्रिया. पण वस्तूगणिक शब्द निराळा. उन्हाचेही तसेच. शेतकऱ्याचा चेहरा रापतो, पीक करपते, वाटसरू होरपळतो. मात्र उन्हाने भाजून सुटलेल्या माणसाच्या कातडीसाठी सर्वांच्या तोंडी असलेले खास नाव नाही. ‘साल निघाली’ म्हणून आपण वेळ मारून नेतो.

बंगळुरात हा प्रश्न पडावा, यालाही कारण आहे. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे. हवा गार, म्हणून छत्री घरीच राहते. कातडी भाजते ती मात्र हवेच्या उष्णतेने नव्हे, तर सूर्याच्या अतिनील किरणांनी. आणि दर हजार मीटर उंचीला त्यांचा जोर सुमारे एक दशांशाने वाढतो. लाली काही तासांनी चढते, आणि वरच्या थरातील मेलेल्या पेशी तीन-चार दिवसांनंतर पदरांनी सुटू लागतात. सावळ्या वर्णास संरक्षण अधिक असते, पण ते पुरते नसते. असे पदर ओढून काढू नयेत. थंड पाण्याची पट्टी व साधे मलम पुरे. फोड अथवा ताप आल्यास डॉक्टरांस दाखवावे.

आता शब्दांकडे वळू. याच बसवनगुडीतील विजया कॉलेजात जी. वेंकटसुब्बय्या यांनी अध्यापन केले. १९१३ साली जन्मलेले हे कोशकार २०२१ पर्यंत, म्हणजे एकशे सात वर्षांचे आयुष्य जगले. कन्नड साहित्य परिषदेच्या आठ खंडांच्या कोशाचे काम तर त्यांनी पाहिलेच. शिवाय १९९१ पासून ‘प्रजावाणी’ दैनिकातील ‘इगो कन्नड’ या सदरात ते सामान्य वाचकांच्या शब्दविषयक शंकांना उत्तरे देत. आपल्याकडे सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द दिले. ते कचेरीत रुळले. पण नाकावरच्या सालीसाठी कोणी समिती नेमणार नाही. ते काम घरच्या मुलांचेच.

आणि मुले ते उत्तम करतात. साचे तयारच असतात. सापाची कात, तर उन्हाने टाकायला लावलेली ती ‘उन्हकात’. सदऱ्याची बाही जिथे संपते, तिथे गोऱ्या-सावळ्याची सीमा उमटते, ती ‘बाहीरेघ’. घड्याळ काढल्यावर मनगटावर राहतो तो ‘चांदवा’; हा जुनाच शब्द, पण नव्या जागी बसविलेला. शेजारच्या कन्नड मुलाकडून ‘बिसिलु’, म्हणजे ऊन, घेऊन कोणी ‘बिसिलसाल’ म्हटले, तरी रागावू नये. आपले अण्णा आणि अक्का कानडी मुलखातूनच आले आहेत, आणि त्यांना आपण परके मानीत नाही.

बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी आणि घरात मराठी अशा कुटुंबांत मुलाला आईच्या भाषेत बोलता येते, एवढ्यावर पालक समाधान मानतात. माझ्या मते खरी परीक्षा पुढची आहे. घडवलेला शब्द आईला न सांगताच कळतो की नाही? ‘उन्हकात’ कळतो, कारण त्याची दोन्ही पाळेमुळे घरातली आहेत.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. ‘काळवंडली’ हा शब्द मुलीच्या वाट्याला चेष्टा म्हणून येतो, आणि तो बहुधा वडीलधाऱ्यांच्याच तोंडचा असतो. मैदानावरून खेळून आलेल्या मुलीला ‘बाहीरेघ कुठवर आली?’ असे विचारले, तर ती हात पुढे करून मोजून दाखवील. ‘किती काळवंडलीस!’ म्हटले, तर दुसऱ्या दिवशी ती खेळायलाच जाणार नाही.