अशोक मित्र : केंद्राचे सल्लागार, राज्यांचे वकील
लखनौ : केंद्राला आर्थिक सल्ला देणारे अशोक मित्र पुढे त्याच केंद्राकडे राज्यांचा वाटा मागणारे अर्थमंत्री झाले.

ढाका येथे १९२८ साली जन्मलेल्या मित्र यांनी फाळणीनंतर बनारस हिंदू विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली आणि लखनौ विद्यापीठात अध्यापन केले. त्यानंतर नेदरलँड्समध्ये अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१९७० ते १९७२ या काळात ते केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. अर्थव्यवस्थेच्या स्थितीचे विश्लेषण करून अर्थमंत्र्यांना सल्ला देणे, हे या पदाचे काम. १९७७ मध्ये ते पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडी सरकारचे अर्थमंत्री झाले. शिक्षण, आरोग्य आणि शेतीवरील खर्चाचा मोठा भार राज्यांवर असतो. प्राप्तिकर, सीमाशुल्क यांसारखे प्रमुख कर मात्र केंद्र आकारते. ही विषमता दूर करण्याची मागणी त्यांनी सातत्याने लावून धरली. केंद्र-राज्य संबंधांचा फेरविचार करण्यासाठी १९८३ मध्ये केंद्राने सरकारिया आयोग नेमला.

मित्र यांचे १ मे २०१८ रोजी निधन झाले. करमहसुलात राज्यांचा वाटा किती असावा, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या वित्त आयोगापुढे पुन्हा उभा राहतो.